फी शून्य, पण खाडा पडतो: भोसरीतल्या एका ईएसआय कार्डाचं प्रकरण

नावं बदललीत, कंपनीचं नाव घेतच नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केलेत. बाकी हिशोब होता तसाच आहे.

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीत पार्ट्स पॅकिंगचं एक युनिट आहे, सत्तरेक माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त ठेकेदाराकडची. मी तिथे एचआर आणि ॲडमिन दोन्ही बघते, म्हणजे पगारपत्रकापासून चहावाल्याच्या बिलापर्यंत जे काही कागदावर येतं ते सगळं माझ्या टेबलावरून जातं. सुनंदाताई पॅकिंग लाइनला, वय पंचेचाळीसच्या आसपास, मस्टर ठेकेदाराचं पण गेली कित्येक वर्षं काम इथेच. रोज ६०० रुपये, महिन्याचे २६ दिवस भरले की १५,६००, आणि महिन्यात एकही खाडा नसेल तर वर ८०० रुपये हजेरी भत्ता. राहायला दिघीला, नवरा रिक्षा चालवतो, मुलगी बारावीला.

या पगारावर ईएसआय कापला जातो. ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: १९४८ च्या कायद्याने आलेला हा कामगारांचा सरकारी विमा, महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना लागू, आणि जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के. ताईंचा महिना पूर्ण भरला तर त्यांचे १२३ आणि कंपनीच्या बाजूने ५३३, असे ६५६ रुपये दर महिन्याला जमा होतात, म्हणजे त्यांच्या एका दिवसाच्या रोजापेक्षा थोडे जास्तच. बदल्यात डॉक्टर, गोळ्या, तपासण्या, ॲडमिट व्हायची वेळ आली तर तेही, स्वतःला आणि घरच्यांना. दवाखान्याच्या खिडकीवर एक रुपयासुद्धा द्यावा लागत नाही.

घरात आयुष्मानचं कार्डही आहे, पाच लाखांचं, कपाटात नीट प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेलं. पण ते चालतं ॲडमिट झाल्यावर. ॲडमिट व्हायच्या आधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस त्यात धरतात, नुसतं डॉक्टरला दाखवून बीपीची गोळी आणायची असेल तर त्याचा काही उपयोग नाही. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या सरकारी योजना अशाच आहेत, माणूस आडवा झाला की सुरू होणाऱ्या. उभ्या माणसाला साध्या ओपीडीसाठी विमा देणारी ईएसआय ही त्यातल्या त्यात वेगळी गोष्ट, आणि म्हणूनच हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं. कारण इथे ‘पैसे लागतात म्हणून लोक जात नाहीत’ हे नेहमीचं उत्तर लागूच पडायला नको होतं.

काय झालं

दुपारच्या चहानंतर ताई लाइनवरून उठल्या आणि दोन पावलं टाकून खोक्यांच्या थप्पीला टेकून खालीच बसल्या. चक्कर, मळमळ, मान आखडलेली. शेजारच्या मोठ्या कंपनीत नर्स असते, तिला बोलावलं, बीपी १९० वर ११०. सरळ गाडीत घालून हॉस्पिटल. दोन दिवस ॲडमिट, साखरही वाढलेली निघाली. लकवा मारायचा तो थोडक्यात टळला असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

ईएसआयचं ई-पहचान कार्ड शोधायला मी त्यांची डब्याची पिशवी उघडली तेव्हा आतल्या कप्प्यात एक छोटी प्लॅस्टिकची पुडी सापडली. त्यात कात्रीने कापलेले स्ट्रिपचे तुकडे, दोन गोळ्यांचा एक, तीन गोळ्यांचा एक, एकावर फॉइलवर नुसतं ‘डिपिन ५’ एवढंच शिल्लक राहिलेलं, नावाचा सुरुवातीचा भाग आणि एक्सपायरी दुसऱ्या कुणाच्या तुकड्यावर गेलेली. मेडिकलवाला चार गोळ्या मागितल्या की चार कापून देतो, तसं. गोळी चालू केली होती तीन वर्षांपूर्वी ईएसआयच्याच डॉक्टरांनी, रोज घ्यायची म्हणून. ताई घ्यायच्या डोकं जड झालं की.

घरी आल्यावर विचारलं, ताई तिथं सगळं फुकट असताना का नाही गेलात, तर म्हणाल्या, “तिथं पैसे लागत नाहीत ओ मॅडम, पण तिथं जायला लागतात ना.”

एका व्हिजिटचा खरा हिशोब

हे वाक्य मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं तर ते म्हणाले रिक्षाचे वीस-तीस रुपये तर सगळ्यांनाच लागतात. तेव्हा मी ताईंना बरोबर घेऊन कागदावर मांडलं.

दवाखाना सकाळचा. आधी नंबर, मग डॉक्टर, मग औषधाच्या खिडकीची वेगळी लाइन. तिथून सुटून कंपनीत पोचेपर्यंत शिफ्ट अर्धी झालेली, आणि ठेकेदाराचा नियम असा की उशिरा आलेल्या माणसाला आत घेत नाहीत. म्हणजे दिवस गेला, ६०० गेले. खाडा पडला म्हणून भत्त्याचे ८०० गेले. शेअर रिक्षा जाऊन-येऊन ६०. झाले १,४६०. गल्लीतला खाजगी डॉक्टर संध्याकाळी सातला बसतो, १०० रुपये फी, गोळ्या धरून दोन-अडीचशेत काम होतं आणि खाडा नाही. आता फुकट कुठलं आणि महाग कुठलं ते तुम्हीच ठरवा. आणि मेडिकलमधून चार गोळ्या कापून आणणं तर सगळ्यात स्वस्त.

साहेबांचा पुढचा प्रश्न रास्त होता: गुरुवारी का नाही जात? एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते आणि सरकारी दवाखाने गुरुवारी चालू, यापेक्षा सोयीचं काय पाहिजे. पण हाच विचार अख्ख्या भोसरीने केलेला असतो, त्यामुळे गुरुवारची लाइन बाकी दिवसांपेक्षा लांब. त्यातून साखर तपासायची तर उपाशीपोटी रक्त द्या, खाऊन दोन तास थांबा, परत द्या आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, म्हणजे आला का परत खाडा! शिवाय ताई गुरुवारी एका मेसला पोळ्या लाटून देतात, त्याचे ४०० मिळतात. सुट्टीचा दिवस रिकामा असतो हे ऑफिसमध्ये बसणाऱ्यांना वाटतं.

बरं, आजारपणाचे पैसे ईएसआय देतं की, असंही कुणी म्हणेल. देतं, पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, पण त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवस भरलेले लागतात, डॉक्टरचा दाखला लागतो आणि आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा धरतच नाहीत. महिनाभर पडून राहणाऱ्यासाठी ती सोय चांगलीच आहे. बीपी दाखवायला एका सकाळी गेलेल्या बाईच्या हातात त्यातलं काही येत नाही.

यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग वेगळाच निघाला. ताईंनी ईएसआयच्या जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या, त्यांच्या तारखा मी मस्टरशी लावून बघितल्या. त्या जेव्हा जेव्हा दवाखान्यात गेल्या होत्या ते जवळपास सगळे महिने असे होते की ज्यात दुसऱ्या कुठल्या तरी कारणाने आधीच एक खाडा पडलेला होता, गावाकडे कुणी गेलं, मुलीच्या कॉलेजचं ॲडमिशन, असं काहीतरी. भत्ता तर गेलाच आहे, मग दवाखानाही उरकून घेऊ. म्हणजे महिन्यातला पहिला खाडा १,४०० चा आणि दुसरा फक्त ६०० चा, आणि ताई अर्थशास्त्राचं एकही पान न वाचता बरोब्बर स्वस्त खाड्यावर दवाखान्यात जात होत्या. ज्या महिन्यात सगळं सुरळीत त्या महिन्यात बीपी बघायचंच नाही. आणि सुरळीत महिने मागेपुढे सलग बरेच आले की काय होतं ते आपण वर बघितलं.

जर्मनीत २००४ साली सरकारी विम्यातल्या लोकांना डॉक्टरकडे जायला तिमाहीला १० युरो फी लावली होती, तिमाहीतल्या पहिल्या व्हिजिटला द्यायची, मग त्या तिमाहीत पुढे परत द्यायची नाही. तिथेही तोच आकार, पहिली पायरी उंच आणि नंतर सपाट. २०१२ च्या शेवटी त्यांच्या संसदेने ती एकमताने काढून टाकली. आपल्याकडे अशी फी कुणी ठरवून लावलेली नाही, ती हजेरी भत्त्याच्या रूपाने आपोआप बसलेली आहे आणि कुणाच्या लक्षातही नाही.

पर्याय काय काय होते

साहेबांना पहिल्यांदा सुचलं ते हेल्थ कॅम्प. वर्षातून एक दिवस, बॅनर, सगळ्यांचं बीपी-शुगर, फोटो. खर्च कमी आणि दिसायला छान. मी विरोध केला कारण ताईंना बीपी आहे हे तीन वर्षं माहीतच होतं, कॅम्पने नवीन काय कळणार? अडचण रोग सापडण्याची नव्हती, सापडल्यावर दर महिन्याला दाखवत राहण्याची होती.

दुसरा पर्याय, खाजगी डॉक्टरचं बिल कंपनीने द्यायचं. यावर साहेबांचं उत्तर, की ३.२५ टक्के ईएसआयला भरतोच आहे, मग एकाच माणसाच्या औषधाला दोनदा पैसे का द्यायचे. मला हे पटलं. शिवाय बीपी-शुगर म्हणजे जन्माची औषधं, कंपनी किंवा ठेकेदार बदलला की ती व्यवस्था संपणार. ईएसआय निदान दुसऱ्या कंपनीतही बरोबर जातं.

तिसरा, दवाखाना बदलून घराजवळचा पॅनेल डॉक्टर घ्यायचा. महाराष्ट्रात ईएसआयच्या दवाखान्यांबरोबर पॅनेलवरचे खाजगी डॉक्टरही असतात आणि त्यांच्या वेळा कधी कधी संध्याकाळच्या असतात. कागदावर हा सगळ्यात उत्तम पर्याय. आम्ही चौकशी केली तेव्हा ताईंच्या भागात सोयीचं कुणी मिळालं नाही, त्यामुळे तो बाजूला ठेवला. पण तुमच्याकडे असं प्रकरण आलं तर आधी हेच बघा, यात कंपनीला एक पैसा लागत नाही.

चौथा, व्हिजिटसाठी पगारी गेटपास आणि त्या दिवसाचा भत्ता न कापणं. पाचवा, पंधरा दिवसांतून एकदा डॉक्टरलाच कंपनीत बोलावणं. कायद्याने पाचशेच्या वर कामगार असलेल्या कारखान्याला ॲम्ब्युलन्स रूम लागते, आमच्यासारख्यांना नुसती फर्स्ट एड बॉक्स, त्यामुळे हे सगळं ऐच्छिक.

चौथ्या पर्यायावर मीटिंग तापली. ठेकेदार म्हणाला, “मॅडम, असं केलं तर सोमवारी सगळ्यांनाच बीपी होईल.” साहेबांनी मान डोलावली. आणि खरं सांगायचं तर ही भीती हवेतली नाहीये. किंमत कमी झाली की लोक जास्त वापरतात हे इतर कुठल्याही गोष्टीइतकंच डॉक्टरच्या बाबतीतही खरं आहे. अमेरिकेत १९७४ ते १९८२ दरम्यान रँड संस्थेने हजारो लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या विमा योजनांत वाटून हेच मोजलं होतं. काहींना सगळं फुकट, काहींना बिलाचा २५ टक्के, ५० टक्के किंवा ९५ टक्के वाटा स्वतः द्यायचा, वर्षाच्या एका मर्यादेपर्यंत. ९५ टक्केवाल्यांचा खर्च फुकटवाल्यांपेक्षा साधारण तीस टक्क्यांनी कमी आला. ढोबळ हिशोब असा निघाला की किंमत दहा टक्के वाढली तर मागणी दोनेक टक्के घटते. म्हणजे ठेकेदाराचं म्हणणं बरोबर होतं, अर्धं.

उरलेलं अर्धं असं की पैसे द्यायला लागल्यावर लोकांनी फक्त फालतू व्हिजिट कमी केल्या नाहीत, गरजेच्याही तितक्याच कमी केल्या. माणसाला घरबसल्या कळत नाही ना कुठली व्हिजिट फालतू आहे ते. सरासरी माणसाच्या तब्येतीत फार फरक पडला नाही, पण गरीब आणि बीपी असलेल्या लोकांत फुकट गटाचं बीपी जास्त आटोक्यात राहिलं. नेमकी आमची केस. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात १९६८ ते १९७१ सरकारी विम्यावर डॉक्टरच्या व्हिजिटला छोटी फी लावली होती, तिथेही एकूण वापर सहा-सात टक्क्यांनी घटला पण गरिबांचा अठरा टक्क्यांनी. फी सगळ्यांना सारखीच, पण खिसे सारखे नव्हते.

साहेबांना मी हे असं सगळं सांगितलं नाही, मीटिंगमध्ये कॅनडा काढला असता तर उठून गेले असते. मी फक्त एक आकडा ठेवला. जुनाट आजाराची म्हणून माहीत असलेली माणसं दहा-बारा. तीन तासांचा पगारी गेटपास म्हणजे माणशी २२५ रुपये. आणि भत्ता? तो तर आपण आत्ताही देतोच आहोत, कारण ही माणसं खाडा पाडतच नाहीत, दवाखान्यातच जात नाहीत! म्हणजे भत्ता न कापण्याचा नवीन खर्च जवळपास शून्य. जो खर्च वाचतोय असं वाटत होतं तो कधी वाचतच नव्हता. इथे साहेब गप्प झाले आणि कॅल्क्युलेटर काढला, आणि माझ्या मते या प्रकरणातला निर्णय तिथेच झाला.

काय केलं

ठरलं असं. ज्यांना कायमची औषधं आहेत त्यांना महिन्यातून एकदा सकाळी तीन तास उशिरा यायची मुभा, पगारी. त्या दिवशीची दवाखान्याची चिठ्ठी दाखवायची, मग हजेरी पूर्ण आणि भत्ताही शाबूत. ठेकेदाराशी बोलणी करायला जास्त वेळ गेला, कारण मस्टर त्याचं आणि उशिरा आलेल्याला आत घ्यायचं म्हणजे त्याच्या सुपरवायझरचा रुबाब कमी होतो. शेवटी त्या तासांचे पैसे कंपनीच्या बिलात वेगळी ओळ म्हणून टाकायचे कबूल केल्यावर तो तयार झाला. ठेकेदाराच्या माणसांच्या ईएसआयची अंतिम जबाबदारी तशीही मूळ मालकावरच असते, त्यामुळे ‘ती आमची माणसं नाहीत’ हे म्हणायला साहेबांनाही फारशी जागा नव्हती.

दवाखान्याकडून एक गोष्ट मागितली. ताईंना पंधरा-पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळायच्या, तिथल्या डॉक्टरांना मी पत्र दिलं की बीपी स्थिर झालं की महिन्याच्या द्याव्यात. डॉक्टर भले निघाले, दिल्या. एवढ्या एका गोष्टीने महिन्याच्या दोन फेऱ्यांची एक झाली, आणि त्यासाठी कुणाच्याच खिशातून काही गेलं नाही.

आणि एक शनिवार सोडून एक, दुपारी चार ते सहा, एक फॅमिली डॉक्टर कॅन्टीनमध्ये टेबल टाकून बसू लागले. बीपी, ग्लुकोमीटरवर साखर, गरज वाटली तर ‘उद्याच ईएसआयला जा’ अशी चिठ्ठी.

तीस रुपयांचा वाद

या शनिवारच्या डॉक्टरसाठी साहेबांची एकच अट होती, माणशी ३० रुपये टेबलावरच्या डब्यात टाकायचे. फुकटाची किंमत राहत नाही, हे त्यांचं ठाम मत. रक्कम मामुली होती, सुरुवातच होतेय तर अडवून कशाला धरा, म्हणून तसंच सुरू झालं.

पहिल्या शनिवारी चांगली गर्दी. दुसऱ्या-तिसऱ्यापासून गर्दी होतीच पण चेहरे बदलले. सर्दी, ताप, कंबर, ‘डॉक्टर एक सुई मारा ना’ असं म्हणणारे तिशीतले धडधाकट पोरगे. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते बीपी-शुगरवाले एकेक करून गळाले. एका मामांना विचारलं तर म्हणाले, “बरं वाटतंय की आता, मग तीस रुपये कशाला घालवू?” यात चूक काही नाही. ताप आलेला माणूस ३० काय ३०० देईल कारण ताप दुखतो. बीपी दुखत नाही. त्यामुळे फी कितीही छोटी असली तरी ती गाळणीसारखी उलटं काम करते, राहायला हवं ते गळून जातं. सुनंदाताई मात्र येत राहिल्या, पण त्यांनी १९० वर ११० चा दिवस बघितला होता. प्रत्येकाला तो दाखवून मग सवय लावायची असं तर करता येत नाही.

डबा बंद करावा असं मी सुचवलं तर साहेब नाही म्हणाले. मग मधला मार्ग निघाला: कायमची औषधं असलेल्यांची एक यादी, त्या यादीतल्या लोकांना फॉलोअपला फी नाही, नवीन तक्रार घेऊन येणाऱ्याला ३० रुपये. यादीतले लोक परत यायला लागले, सगळे नाही, पण बरेचसे. गंमत म्हणजे यादीत नाव घालून घ्यायला दोघं-तिघं स्वतःहून बीपी मोजायला आले आणि त्यातल्या एकाचं खरंच वाढलेलं निघालं.

राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत आणि हॉस्पिटलांत केसपेपरचे पैसेही बंद केले, पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय त्यात येतं. दहा-वीस रुपयांनी काय होतंय असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. कॅन्टीनमधला डबा बघितल्यावर मी तसं म्हणत नाही.

परिणाम

ताईंचं बीपी आता १४० च्या खाली राहतं, गोळी रोज चालू आहे, साखर अजून मागेपुढे होते. गेटपासची सोय चालू झाल्यापासून त्या एकदाही महिना चुकलेल्या नाहीत आणि भत्ताही बुडालेला नाही. पिशवीतली पुडी गेली, आता ईएसआयची अख्खी स्ट्रिप असते.

गैरवापर झाला का? झाला. एकाने गेटपास घेऊन बँकेचं काम केलं आणि आधीच्या महिन्याची चिठ्ठी तारीख खोडून दाखवली. सुपरवायझरला ते कळल्यावर त्याने असा चेहरा केला की जणू योजनाच बंद पाडायचा पुरावा मिळाला. आम्ही योजना बंद न करता ज्या चिठ्ठीवर त्या दिवसाचा शिक्का असेल तीच चालेल असं केलं, पुढे तसं झालं नाही. सोमवारी सगळ्यांना बीपी झालं नाही. लाइनवर मात्र ताण आला हे खरं, एकाच सकाळी तिघं बाहेर गेले की पॅकिंग अडतं, म्हणून आता वार वाटून दिलेत.

एकाची केस मात्र हातातून निसटली. जुना ऑपरेटर, पगारवाढ होऊन २१,००० च्या वर गेला. ओव्हरटाइममुळे मर्यादा ओलांडली तर ती त्यात धरत नाहीत, पण याचा मूळ पगारच वाढला. सहामाही संपेपर्यंत ईएसआयची कपात चालू राहिली, १ ऑक्टोबरपासून ती बंद झाली आणि भरलेल्या पैशांवरचा लाभाचा काळ संपल्यावर दवाखानाही बंद. पगारवाढ महिन्याला हजारेक रुपयांची आणि घरच्या तिघांची औषधं आता विकत. पगारवाढ नको असं कुणी म्हणत नाही, पण त्याला ती पगारवाढ वाटत नाही हे तो येता-जाता ऐकवतो.

पुन्हा करायचं तर

सुरुवात भत्त्यापासून करावी. ८०० रुपये महिन्याच्या एका खाड्यावर टांगण्यापेक्षा आठवड्याला २०० असे तोडले तर पहिल्या खाड्याची किंमत १,४०० वरून ८०० वर येते आणि त्यासाठी चिठ्ठी, शिक्का, यादी काही लागत नाही. हे कुठल्याही कंपनीला जमण्यासारखं आहे. आमच्याकडे ठेकेदार अजून तयार नाही, त्याच्या मते महिन्याच्या धाकानेच माणसं येतात.

फॉलोअपला फी पहिल्या दिवसापासून नसावी, हे तर वर आलंच. आणि रक्ताचे रिपोर्ट फोनवर किंवा पुढच्या व्हिजिटला मिळतील का हे दवाखान्याला विचारायला हवं, कारण रिपोर्ट आणायची फेरी ही डॉक्टरला भेटण्याची फेरी नसतेच, तरी खाडा पूर्ण पडतो.

अजून न सुटलेला भाग ताईंच्या नवऱ्याचा. बायकोच्या कार्डावर त्यांनाही सगळं फुकट आहे, वजन आणि घरची हिस्ट्री बघता साखर तपासायलाच हवी. पण सकाळी आठ ते अकरा हाच रिक्षाचा खरा धंदा, दवाखानाही त्याच वेळेला, आणि रिक्षावाल्याला गेटपास देणार कोण? शनिवारच्या डॉक्टरांकडे घरच्यांनाही दाखवू द्यावं असं मी साहेबांना सुचवलंय, ते म्हणतात बाहेरची माणसं आत घ्यायची नाहीत. मग टेबल गेटच्या बाहेर, सिक्युरिटीच्या शेडखाली लावलं तर चालेल का, असं विचारून ठेवलंय. डॉक्टरांची हरकत नाहीये, साहेबांचं उत्तर यायचंय.